मंत्रिमहोदयांचं खासगी बोलणं

धाकटीच्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. तेव्हा मात्र तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

तिचं काम असं: संसदेच्या सज्ज्यातल्या काचेच्या खोलीत उभं राहायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि सभागृहात जे बोललं जाईल ते खुणांच्या भाषेत करून दाखवायचं. टीव्हीच्या कोपऱ्यात छोटासा चौकोन दिसतो ना, त्यातली बाई म्हणजे ही. ऐकू न येणारी माणसं तिच्या हातांवरून देशाचा कारभार समजून घ्यायची. ही भाषा तिला कुठल्या वर्गात शिकावी लागली नव्हती. थोरली बहीण जन्मापासून बहिरी, तिच्याशी भांडता भांडता आली. नेमणुकीच्या कागदावर नियम एकच होता: कानावर येईल ते सगळं सांगायचं, पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. अकरा वर्षांत तो इतका अंगवळणी पडला होता की शब्द कानातून थेट बोटांत उतरायचे, डोक्याला खबरही लागायची नाही.

त्या दुपारी देखरेखीचं विधेयक चाललं होतं. निम्मं सभागृह चहाला गेलेलं, सभापतीबाई कागद चाळतायत, कुणी काही बोलत नाही. घरोघरच्या टीव्हीवर त्या वेळी फक्त सभापतींच्या माईकचा आवाज जात होता. हिच्या हेडफोनमध्ये मात्र प्रत्येक बाकावरचा माईक यायचा. गृहमंत्री आपला माईक बंद करायला विसरले आणि शेजारच्या उपमंत्र्यांकडे झुकून म्हणाले, "नववं कलम पटकन उरकून घेऊ. न्यायाधीशाला न विचारता कुणाचाही फोन ऐकता येणार, हे कुणी नीट वाचलं तर बोंबाबोंब होईल. मंडळी चहा पिऊन यायच्या आत मतदान झालं पाहिजे."

हात चालले. अख्खं बोलणं गेलं, बोंबाबोंबीसकट.

थोरलीच्या शिवणाच्या दुकानात तिच्यासारखेच सात-आठ बहिरे जण टीव्हीसमोर बसले होते. असेच इतरही ठिकाणी असणार, कारण दहा मिनिटांत सभापतींच्या कार्यालयात निरोपांची रीघ लागली: नववं कलम मोठ्याने वाचून दाखवा. वाचावं लागलं. सदस्य चहा तसाच टाकून धावत आले, आरडाओरडा झाला, मतदान पुढे ढकललं गेलं. आणि पाच वाजता धाकटीला सभापतींच्या दालनात बोलावणं आलं.

ती बाहेरच्या बाकावर बसली. नोकरी गेली, हे ती धरूनच चालली होती. पण त्याहून दुसरीच गोष्ट मनाला खात होती. तिच्या जागी माणूस मिळायला वर्ष-दोन वर्षं सहज जाणार, तोवर चौकोन बंद. दुकानातल्या त्या लोकांनी मग काय नुसती हलणारी तोंडं बघत बसायचं?

आत मंत्रिमहोदय लालबुंद होऊन बसले होते.

"खासगी बोलणं होतं ते माझं! कुणीतरी कान लावून ऐकायचं आणि गावभर करायचं, ही काय पद्धत झाली? माणसाने बोलायचं तरी कुठे?"

सभापतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हसू दाबायला माणसाला काहीतरी करावंच लागतं.

"तक्रार रीतसर करायचीय ना?"

"अर्थात! या बाईंना आजच्या आज काढा."

"मग हा अर्ज घ्या. आपल्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार सभागृहापुढे ठेवावी लागते, नियमच आहे. या रकान्यात आक्षेप असलेले शब्द लिहा, जसेच्या तसे, आणि खाली सही करा. उद्या अकराला मी वाचून दाखवते."

मंत्र्यांनी पेन उघडलं. कागदावर टेकवलं. उचललं.

"जसेच्या तसे?"

"काना-मात्रेसकट." बाई धाकटीकडे वळल्या. "तुम्ही काय ऐकलंत?"

धाकटीला शब्द पाठ होते. तिने सगळं म्हणून दाखवलं.

"यात काही चुकलंय का हो?" बाईंनी मंत्र्यांना विचारलं. "चुकलं असेल तर यांना आत्ता काढते."

मंत्रिमहोदयांनी त्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जाऊ द्या. गरीब बाई आहे. मी मोठ्या मनाने तक्रार मागे घेतो," असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

"उद्या वेळेवर या," सभापतीबाई म्हणाल्या. "नववं कलम शब्दन् शब्द वाचायचंय. तुमच्या हातांना काम आहे."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ते कलम तीन दिवस कडाक्याची चर्चा होऊन मतदानात पडलं, पण ते नंतरचं. आत्ता ती जिना कसा उतरली हेही तिला कळलं नाही.

फाटकाशी थोरली उभी होती, गळ्यात शिवणाची टेप तशीच. दुरूनच तिने खुणेने विचारलं, "काय झालं?"

धाकटीने सांगायला हात उचलले, तर ते थरथर कापायला लागले. एकही खूण धड उमटेना.

"तोतरी झालीस की काय?" थोरली म्हणाली. "सावकाश सांग."

"नोकरी राहिली," कसंबसं जमलं, आणि धाकटीला रडूच फुटलं. थोरलीने तिला जवळ घेतलं, पाठ थोपटली, मग जरा लांब होऊन खुणेने म्हणाली, "अगं, सगळे तुझं किती कौतुक करतायत! म्हणतात, मंत्र्यासमोर एवढी हिंमत कुणी दाखवली असती?"

"कसली हिंमत, ताई! चुकून झालं. हात आपोआप चालले. कळलं असतं तर घाबरून थांबलेच असते मी."

थोरलीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कचेऱ्या सुटल्या होत्या, रस्ता माणसांनी भरून वाहत होता, आणि त्यातल्या एकालाही या दोघींच्या खुणांमधलं अक्षरही कळत नव्हतं.

"हे कुणाला सांगू नकोस हं," ती म्हणाली.

आणि दोघी भर गर्दीत पोट धरून हसत सुटल्या.