पिशवीला गाठ मारण्याआधी

मी जुना ऑइल फिल्टर बोलतोय. जुना म्हणजे कालपर्यंत नवा होतो. कुणीतरी दुसरा आला की आपण जुने होतो, हे मला काल कळलं.

माझं बोलणं तुम्हाला जरा आंबट वाटेल. असेलही. माझ्या पोटात आधीच इतका गाळ साठलाय की कुठला इंजिनाचा आणि कुठला माझ्या मनाचा, हे मलाही खात्रीने सांगता येत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात कागदाच्या बारीक घड्या भरल्या, वर पत्र्याचा डबा चढवला आणि तोंडाला काळ्या रबराची रिंग बसवली. त्या रिंगेचा मला फार अभिमान होता. मी इंजिनाला घट्ट चिकटायचो तो तिच्या जोरावर. मग दुकानाच्या फळीवर काही दिवस खोक्यात काढले आणि एके दिवशी बाबांनी मला घरी आणलं.

बाबा म्हणजे या घरातले निवृत्त प्राध्यापक. गाडीचं तेल घरीच बदलायचं, हा त्यांचा हट्ट. त्यांनीच मला इंजिनाच्या कुशीत बसवलं आणि माझा संसार सुरू झाला. संसार कसला, धुणीभांडी! तेल माझ्यातून जायचं, घाण माझ्याकडे ठेवायचं आणि स्वच्छ होऊन इंजिनाकडे परतायचं. कौतुक मात्र इंजिनाचं. "आवाज बघ कसा गोड आहे," असं बाबा म्हणायचे, तेव्हा मी खाली अंधारात दात ओठ खायचो. शेजारचा एअर फिल्टर तर लाडोबा. त्याला बाहेर काढतात, झटकतात आणि परत घरी घेतात. आमच्या जातीला परत कुणी घेत नाही.

एक सुख मात्र होतं. ठमी माझ्याच कारकिर्दीत गाडी शिकली. ठमी ही बाबांची लेक. खरं नाव वेगळं आहे, पण घरात तिला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. ती क्लच असा सोडायची की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, बाबा दाराची मूठ धरून म्हणायचे, "काही घाई नाही हं, काही घाई नाही," आणि मी मुकाट्याने तेल गाळत राहायचो. गल्लीतल्या त्या सगळ्या गचक्यांचा साक्षीदार मी.

मग ठमीला लांबच्या गावी नोकरी लागली. गाडी घेऊन, एकटीने, घाट ओलांडून जायचं होतं. केवढा मोठा प्रवास! मला वाटलं, आता माझं चीज होणार.

आणि निघायच्या दिवशी सकाळी बाबा नवीन खोकं घेऊन पोर्चमध्ये आले.

"आज तेल बदलून टाकतो. लेक घाटातून जायची म्हणजे धोका नको."

आई दारात उभी होती. "बदला की. पण फरशी नवी आहे. गेल्या वेळी घरात अस्वल फिरून गेल्यासारखी पावलं उमटली होती, अगदी न्हाणीघरापर्यंत. या वेळी एक थेंब सांडला ना, तर यापुढे गाडी गॅरेजला. तुमची हौस बंद."

"एक थेंब सांडणार नाही. या वेळी युक्ती शोधलीये."

"तुमच्या युक्त्या मला माहीत आहेत. पुसायला मीच असते."

बाबांनी पुठ्ठे अंथरले, त्यावर वर्तमानपत्रं पसरली, जुनं तेल टबात काढलं. मग त्यांनी मला एक जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवली, टोपडं घालावं तशी, आणि पिशवीसकट मला फिरवायला लागले. मी सुटलो तो थेट पिशवीत. बाबांनी आत डोकावूनसुद्धा न पाहता घट्ट गाठ मारली.

"बघ! एक थेंब नाही!"

"बघितलं," आई म्हणाली. "आता हात कुठे पुसताय तेवढं बघते."

माझ्या तोंडाला मात्र गार हवा लागत होती. रिंग नव्हती. ती वर इंजिनालाच चिकटून राहिली होती.

तुम्हाला काय सांगू, मला आनंद झाला! मला काढलंत ना? पण माझं काहीतरी तिथे राहिलंय. जागा पुरती सुटलेली नाही.

पिशवीच्या धुरकट भिंतीतून मी नव्याला पाहिलं. चकचकीत. बाबा त्याच्या रिंगेला बोटाने तेल लावत होते, तान्ह्या बाळाला लावावं तसं. मलाही लावलं असेल, पण मला ते आठवत नाही. दुसऱ्याला लावलेलंच तेवढं दिसतं. त्यांनी त्याला माझ्या रिंगेवरच पिळून बसवलं आणि नवं तेल ओतलं. इंजिन सुरू केलं, टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं. सगळं कोरडं. इंजिन हळू फिरत होतं, तोवर त्या दोन रिंगा एकमेकींना कशाबशा धरून होत्या. जोर वाढला की त्या निसटणार आणि सगळं तेल रस्त्यावर येणार, हे मला ठाऊक होतं.

गळ, मी मनात म्हटलं. आत्ता गळ. फजिती होऊ दे त्या नव्या लाडोबाची.

तो गळला नाही. ठमीची बॅग आली, पाण्याची बाटली आली.

"घाटात ओव्हरटेक करू नकोस," बाबा म्हणाले.

"बाबा, मला अजून घाटात सरळ जाता आलं तरी पुष्कळ आहे."

ती हसली, पण आवाज किंचित कापला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. गल्लीत गाडी बंद पडली की असाच कापायचा. माझा हेवा तेव्हा जरा मागे सरला. फजिती नव्याची होणार नव्हती. घाटाच्या मधल्या वळणावर इंजिन कोरडं पडणार होतं आणि आत ही पोर एकटी असणार होती.

पण पिशवीत गाठ मारून ठेवलेला फिल्टर काय करणार? ठमीने दुसरी बॅग उचलली, ती मला लागली आणि मी कलंडलो. पिशवीला कुठेतरी भोक पडलं होतं. तोल जाताना मी सावरलो नाही, एवढंच माझं कर्तृत्व. तेवढंही माझं होतं की नाही, शंकाच आहे.

पांढऱ्या फरशीवर काळा ओघळ गेला.

"अहो! हे काय? एक थेंब नाही म्हणे!"

ठमीने तोवर किल्ली फिरवली होती. बाबा ओशाळून धावले. मला दुसऱ्या पिशवीत घालायला त्यांनी गाठ सोडली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्या तोंडावरून बोट फिरवलं. रिकामी खाच. पुन्हा फिरवलं.

"ठमे, इंजिन बंद कर."

"काय झालं?"

"बंद कर आधी!" मग आईकडे न बघता ते म्हणाले, "याची रिंग वरच राहिलीये. नवा मी तिच्यावरच बसवला. वाटेत सगळं तेल गेलं असतं, गं."

आईने पुठ्ठे पायाने बाजूला सारले. "काढा तो परत. सांडू दे मेलं तेल."

या वेळी पिशवी नव्हती. तेल कोपरापर्यंत ओघळलं, फरशीवर सांडलं. माझी रिंग निघाली, चपटी, केविलवाणी. ती पाहून बाबा तिथेच फरशीवर बसले. मग नव्याला पुन्हा पुसलं, पुन्हा तेल लावलं. दुसऱ्यांदा! लाड तरी किती करावेत एखाद्याचे?

संध्याकाळी ठमीचा फोन आला. "पोचले. गाडी लोण्यासारखी चालली, बाबा."

झालं. घाट त्याच्या नावावर गेला.

आज मी पोर्चच्या कोपऱ्यात एका डब्यावर पालथा आहे, उरलेलं तेल निथळत. मग जुन्या तेलासोबत गॅरेजच्या पिंपात जाईन. आईने फरशी तीनतीनदा घासली, तरी पहिल्या ओघळाचा डाग गेला नाही. बाबा म्हणाले, "पायपुसणं सरकवू का त्यावर?"

"राहू दे," ती म्हणाली.

तो डाग माझा आहे. नव्याने त्यावर डोळा ठेवू नये.

जाता जाता एवढंच मागणं. त्यालाही एक दिवस काढाल. तेव्हा पिशवीला गाठ मारण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा बघा, रिंग आहे ना म्हणून. त्याच्यासाठी नाही सांगत मी. ठमीसाठी.