डाव्या नाकपुडीतला कोंब

न्यार्कोकाका सुतार. कुमासीत आमच्या दवाखान्यामागेच त्यांचं दुकान. पाळण्यापासून शवपेटीपर्यंत सगळं करायचे. त्यांची डावी नाकपुडी तिसऱ्यांदा बंद झाली, तेव्हा मी, नाक-घसा विभागातली नर्स सेरवा, डॉक्टर अपेंटेंगांशेजारी ट्रे धरून उभी होते.

"पुन्हा पॉलिपच, नाकातला मांसाचा कोंब," डॉक्टर म्हणाले. "ओढून काढू."

"दोनदा काढलंत की! माझा रंधासुद्धा इतक्यांदा धार मागत नाही."

डॉक्टर हसले. मला हसू येईना. वीस वर्षं नाकं बघतेय मी. साधं पॉलिप बहुधा दोन्ही बाजूंना येतं, शहाळ्यातल्या मलईसारखं फिकट, आणि हात लागला तरी रक्त येत नाही. तरण्या पोरांना एकाच बाजूला येतं, पण ते गालाच्या पोकळीतून निघून मागे घशाकडे लोंबतं. काका साठीचे. एकाच बाजूचा लालसर, खरबरीत गोळा, चिमटा टेकताच भळाभळा रक्त.

"तपासायला पाठवू या का, डॉक्टर?"

"सिस्टर, आता तुम्ही मला शिकवणार?" तुकडा त्यांनी बादलीत टाकला. गेल्या दोन वर्षांत काढलेले आधीचे दोन्हीही तिथंच गेले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यादेखत तो तुकडा उचलला, औषधाच्या बाटलीत घातला, वर काकांचं नाव लिहून तपासणीला पाठवायला ठेवला.

"तक्रार करीन तुमची!" डॉक्टर ओरडले.

"करा. तिन्ही तुकडे बादलीत टाकले, तेही लिहा त्यात."

बारा दिवसांनी अहवाल आला. पॉलिप नव्हतंच ते. डोळ्याजवळच्या हाडाकडे आत घुसत जाणारी गाठ होती, नि तिच्या एका कोपऱ्यात कर्करोग सुरू झालेला.

मोठ्या इस्पितळात काकांच्या नाकाची आतली भिंत काढावी लागली. डोळा वाचला, जीव वाचला, वास मात्र गेला. परवा फळीवर हात फिरवत म्हणाले, "पोरी, आधी डोळे मिटूनही लाकूड ओळखायचो गं. आता गिऱ्हाईकच मला सांगतं, हे महोगनी म्हणून."

डॉक्टर म्हणाले, "देवाची कृपा, वेळेत सापडलं."

"वेळ दोन वर्षांपूर्वी होती," मी म्हटलं.

त्यांनी तक्रार केलीच. ती माझ्या फायलीत आहे. मेट्रन म्हणाल्या, "माफी माग, म्हणजे फायलीतून ती काढून टाकते."

मी अजून मागितलेली नाही.