रॅक जोतून घेतला

भरे गावात इंटरनेट बसलं की पहिलं नाव निघतं कुशाबांचं. इंटरनेटचं मुख्य कपाट, ज्याला रॅक म्हणतात, गावामागच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत आहे आणि त्या खोलीची किल्ली कुशाबांच्या करदोट्याला आहे. लाइट जाऊन परत आली की रॅकमधला एखादा डबा हटकून भांबावतो. मग कुशाबांनी टेकडी चढायची, डब्याची पिन काढायची, दहा आकडे मोजायचे, पिन परत लावायची आणि उतरायचं. तीन वर्षं गावाचा जगाशी संबंध त्या दहा आकड्यांवर टिकून होता.

यंदा श्रावणात कुशाबा संस्थेच्या सभेत येऊन म्हणाले, "गुडघं म्हणत्यात, आता बास. दसऱ्यापासनं मी काय चढायचा न्हाई."

आमच्या ग्राम नेट सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात घबराट पसरली. त्याचं कारण गुडघ्यांबद्दलची कळकळ हे नव्हतं. आमच्याकडं हल्ली भातापेक्षा खोल्यांचं पीक जास्त येतं. हिंजवडीला कामाला जाणारी मुलं त्या खोल्यांत भाड्यानं राहतात. त्यांना पाणी एक दिवसाआड आलेलं चालतं, पण नेट एक तास गेलेलं चालत नाही. दोनदा नेट गेलं की भाडेकरू भूगावला जातो, आणि भूगावला गेलेला भाडेकरू परत आल्याची नोंद संस्थेच्या दप्तरात नाही. हे दप्तर मीच लिहितो, म्हणून खात्रीनं सांगतो.

तेव्हा ठरलं की रॅकसाठी दोन वस्तू नव्या घ्यायच्या. एक स्विच, म्हणजे एका वायरीतून आलेलं नेट अनेक वायरींना वाटून देणारा डबा. दुसरी पॉवरची पट्टी, जिची सॉकेटं गावात बसून, लांबूनच बंद-चालू करता येतात. थोडक्यात, कुशाबांच्या जागी नेमायचं यंत्र.

यादी वृषालीनं केली. वृषाली ही धम्मपाल वायरमनची मुलगी. डिप्लोमा झालेली, पावसात खांबावर चढणारी, गावाच्या सगळ्या वायरी तीन वर्षं सांभाळणारी. तिची यादी एक पान भरली. अध्यक्ष अण्णासाहेबांना एक पान म्हणजे कमीपणा वाटला. त्यांनी दुसरी यादी आपल्या भाच्याकडून मागवली. या भाच्याचं, शेखरचं, भूगावला अशाच यंत्रांचं शोरूम आहे. त्याची यादी चौतीस पानांची होती, गुळगुळीत कागदाची, मुखपृष्ठावर हात मिळवणारी दोन गोरी माणसं. चौतिसाव्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: पाच वर्षं देखभाल आमचीच माणसं करतील. म्हणजे शेखरचे डबे आले की वृषालीचं काम गेलं. ही ओळ सभेत कोणी वाचून दाखवली नाही. वृषालीनं मात्र उभ्या उभ्या वाचली आणि पान मिटून ठेवलं. उभ्या उभ्या म्हणायचं कारण, संचालक सात होते आणि खुर्च्या आठ, पण आठवीवर शेखर बसला होता.

शेखरनं आपला डबा टेबलावर ठेवून चालू केला. अठ्ठेचाळीस भोकं, प्रत्येक भोकावर हिरवा दिवा, आणि आत पंखा असा घरघरत होता की शेजारी गिरणी निघाल्यासारखं वाटावं. मंडळाला तो आवाज मनापासून आवडला. अण्णासाहेब म्हणाले, "काम करतंय म्हंजे आवाज येनारच."

वृषालीचा डबा सोळा भोकांचा. पंखा नाही, आवाज नाही.

"चालू हाय का ह्यो?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"चालू आहे, अण्णा."

"मग गप का?"

"पंखाच नाही त्याला. पंखा टेकडीवरची धूळ आत ओढतो. जुन्या डब्यातनं मी चार पाली काढल्यात. आणि आपल्याला भोकं लागतात अकरा. अठ्ठेचाळीस घेतली तर उरलेली सदतीस कुणाला भाड्यानं द्यायची?"

गोजराबाई तेवढ्या हसल्या. गोजराबाई आमच्या उपाध्यक्षा. वय पंचाहत्तरच्या पुढं, खोल्या बावीस. रिकाम्या खोलीचं दुःख त्यांना समजतं.

मग पट्ट्या निघाल्या. शेखरची पट्टी मोबाइलवरच्या रंगीत ॲपवर चालायची. बोट ठेवलं की सॉकेटचं चित्र लाल व्हायचं. वृषालीच्या पट्टीला बाजूला सिमकार्डची खाच होती.

"फायबर असताना सिम कशाला, ताई?" शेखर गोड आवाजात म्हणाला. "हे जुनं झालं. मामा, आमचं सगळं ॲपवर."

"फायबर चालू असतं तेव्हा सिम लागतच नाही," वृषाली म्हणाली.

या वाक्याचा अर्थ मंडळातल्या कोणालाच लागला नाही. मीही ते तसंच लिहून घेतलं.

मतदान झालं असतं तर शेखरच्या बाजूनं पाच-दोन झालं असतं. पण गोजराबाईंनी काठी आपटली.

"कागद बगून बैल घेतला व्हता का रं कुनी? शिंगं रंगवल्यावर समदंच जनावर देखनं दिसतंय. आट दिस जोतायचा, चिकलात घालायचा, मंग बोलायचं."

आमच्या मावळात हा रिवाज जुना आहे. बैल आधी जोतून बघायचा. जो जोतू देत नाही, त्याचा बैल बाजारातच म्हातारा होतो. आता गावात बैल उरले नऊ, पण रिवाजाला जनावरांची संख्या लागत नाही. शेखर हसत म्हणाला, "जोता की, आजी. खुशाल जोता." आणि सभा संपली.

दोन्ही जोड्या टेकडीवर गेल्या. वरच्या आळीचं नेट शेखरच्या डब्यावर आणि खालच्या आळीचं वृषालीच्या, असं आठ दिवस. शेखर स्वतः टेकडीवर गेला नाही; माणसं पाठवली. त्या आठ दिवसांत गावात जी चुरस लागली तशी ग्रामपंचायतीला लागत नाही. वरच्या आळीतली अनसूया खालच्या आळीतल्या सख्ख्या बहिणीला रोज सकाळी नेटच्या वेगाचा आकडा पाठवायची, त्याखाली काहीही न लिहिता. पाचव्या दिवशी लाइट गेली आणि आली. दोन्ही डबे आपापले उठले. बरोबरी झाली, आणि सगळ्यांची निराशा झाली.

नवव्या दिवशी गुरुवार होता. आसपासच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळं सकाळी दहाला मारुतीच्या पारावर गाव जमलं. पारावर दोन्ही आळ्यांची वायफाय लावली होती. गोजराबाईंनी सगळ्यांना मोबाइलचं आपापलं नेट बंद करायला लावलं आणि दोघांनाही दुरूनच एक सॉकेट बंद करून परत चालू करायला सांगितलं. दोघांनीही ते केलं. शेखरच्या ॲपमध्ये चित्र लाल होऊन हिरवं झालं, तेव्हा टाळ्या पडल्या. वृषालीच्या फोनवर नुसती पांढऱ्यावर काळी दोन अक्षरं आली. कोणी टाळी वाजवली नाही.

"हुभं असताना समदीच चांगली," गोजराबाई म्हणाल्या. "बसल्यावर उटतंय का बगायचंय. आता आपापलं समदं बंद करा. एक बी दिवा ऱ्हायला नको. आन हितनंच उटवा. शेखर, तू मोटा, तू आदी."

ॲपनं शेखरला विचारलं, नक्की ना? शेखरनं मान वर न करता 'हो' दाबलं. वरच्या आळीचं नेट गेलं. पारावर समाधानाचा हुंकार उठला.

"आता उटीव," गोजराबाई म्हणाल्या.

शेखरनं दाबलं. ॲपमध्ये एक चक्र फिरायला लागलं. पुन्हा दाबलं. चक्र फिरतच राहिलं.

"एक मिनिट. रिफ्रेश करतो."

पाच मिनिटांत त्यानं इतके रिफ्रेश केले की शेवटी काच पुसून घेतली. "मामा, कंपनीकडं तक्रार टाकतो. चोवीस तासांत उत्तर येतं."

"त्यांचं उत्तर मीच देते," वृषाली म्हणाली. "ह्यांच्या पट्टीला हुकूम जातो तो ह्यांच्याच स्विचमधून. स्विचला वीज मिळते ती पट्टीतून. पट्टीनं स्विच बंद केला. आता 'चालू हो' हा हुकूम पट्टीला पोचवायचा कुणी?"

मग गोजराबाईंनी मान हलवली. "म्हंजे किल्ली आत ठिवून दार वडलं म्हन की."

भूगावच्या फ्लॅटांत हे दर आठवड्याला होतं. आमच्या घरांना अजून कड्या आहेत, म्हणून ते कळायला जरा वेळ गेला. पण कळल्यावर पारावरची माणसं बराच वेळ गप्प झाली नाहीत.

कुशाबांनी करदोट्याची किल्ली सोडून शेखरच्या हातात ठेवली. "वाट सोपी हाय, पाव्हनं. टाकी दिसली की डावीकडं. पिन काढून दहापतुर मोजा. घाई करू नका, आटला लावली तर रुसतंय."

शेखरचे बूट पांढरे होते आणि श्रावण संपायचा होता. तो गेला.

"आता तू," गोजराबाई वृषालीला म्हणाल्या.

वृषालीनं आपली सहा सॉकेटं बंद केली. खालची आळीही गेली. आता अख्ख्या भरे गावाला नेट नव्हतं. तिनं वडिलांकडून त्यांचा बटणांचा फोन मागून घेतला, पट्टीतल्या सिमकार्डाला एक एसएमएस टाकला आणि फोन मांडीवर ठेवला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. धम्मपाल टोपी काढून परत घालत होते. अण्णासाहेब म्हणाले, "हिचं बी बसलं वाटतं." त्या आवाजात मामाची माया होती.

"उठायला चार मिनिटं लागतात त्याला," वृषाली म्हणाली. पण तिचा अंगठा फोनच्या कडेवर घासत होता, ते मी पाहिलं.

तीन गेली. मग खालच्या आळीतल्या केशरबाईंच्या पदरात काहीतरी टिंगलं. मग दुकानदाराच्या खिशात. मग पारावर एकदम शेकडो फोनांचा टिंगटिंगाट सुरू झाला, जणू गावातली सगळी गुरं एकदम घराकडं वळली. मधल्या वेळात अडकलेले सुप्रभाताचे सगळे संदेश फुलं, उगवता सूर्य आणि वाफाळत्या चहासकट खालच्या आळीवर कोसळत होते. ते संदेश इतक्या आनंदानं गावानं त्याआधी कधी उघडले नसतील. केशरबाईंनी वृषालीच्या पाठीवर थाप मारली, ती माझ्या पाठीवर बसली असती तर मी पाराखाली गेलो असतो.

अण्णासाहेब राजकारणात चाळीस वर्षं आहेत. त्यांनी घसा साफ केला. "पोरीनं नाव काढलं. मशीन हिच्या यादीचीच घेऊ. देखभालीचं तेवढं शेखरकडं ऱ्हाऊ द्या. घरचा मानूस हाय."

"घरचा माणूस आत्ता टेकडीवर आहे, अण्णा," वृषाली म्हणाली.

तेवढ्यात अण्णासाहेबांचा फोन वाजला. त्यांच्या अठरा खोल्या वरच्या आळीत आहेत. "अंकल, वायफाय कब आएगा? क्लायंट लाइन पे बैठा है."

"आयेगा, आयेगा. आदमी चढ रहा है," अण्णासाहेब म्हणाले. ठेवला तोच दुसऱ्या भाडेकरूचा आला. मग तिसऱ्याचा, तिसरा भूगावला खोलीचं भाडं किती, असं विचारत होता.

गोजराबाईंनी काठीनं वृषालीच्या चपलेला डिवचलं. "व्हय गं, वरच्या आळीचं तुज्याच्यानं व्हईल का?"

"होईल. इथनंच."

"कसं?" अण्णासाहेब फोनवर हात ठेवून म्हणाले.

"खोलीत भिंतीला धड सॉकेट एकच आहे. त्यात माझी पट्टी. शेखरदादांच्या माणसांनी विचारलं, आमची कुठं लावू? म्हटलं, माझ्या सातव्या सॉकेटात लावा. सातवं बंद करून चालू केलं की त्यांची पट्टी नव्यानं जागी होते, आणि जागी झाली की सगळं चालूच करते. तिच्या पुस्तकातच लिहिलंय तसं. अकराव्या पानावर."

"मग कर की."

"करते." ती हलली नाही. "देखभाल कुणाकडं, तेवढं दप्तरात आलं की."

मी दप्तर उघडलं. पेनचं टोपण काढलं. अण्णासाहेबांचा फोन पुन्हा वाजला.

"लिवा," ते म्हणाले. "रॅकची देखभाल... वृषाली धम्मपाल यांच्याकडं... तीन वर्षं."

"भाच्याला पाच देत होता," वृषाली म्हणाली.

"लिवा पाच."

"आणि खोलीची किल्ली माझ्याकडं."

"लिवा, बाबा, लिवा." ते मला म्हणाले. मी शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. सुवाच्य अक्षराला वेळ लागतो. तेवढ्यात आणखी दोन भाडेकरूंचे फोन येऊन गेले. सातही संचालकांनी पारावरच सह्या केल्या. गोजराबाईंनी अंगठा उमटवायच्या आधी मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

मग वृषालीनं सातवं सॉकेट बंद केलं, दहा आकडे मोजले आणि चालू केलं. वरची आळी पाच मिनिटांनी आली. अनसूयेनं फोन डोक्यावर धरला. वरच्या आणि खालच्या आळीच्या माणसांनी मिळून वृषालीला पारावर उभं केलं, आणि धम्मपाल वायरमन, जे बत्तीस वर्षं या गावाच्या खांबांवर चढले आणि कोणाला फारसे दिसले नाहीत, त्यांच्या गळ्यात कोणीतरी मारुतीचाच हार काढून घातला.

या गडबडीत अण्णासाहेबांचा फोन वाजला. शेखर होता, धापा टाकत. अण्णासाहेबांनी फोन मोठ्यानं ऐकू येईल असा धरला.

"मामा, झालं बरं का. मी नुसतं दार उघडलं आणि सगळे दिवे लागले. म्हटलं नव्हतं, आमचा माल आहे. मंडळाला सांगून टाका."

अण्णासाहेबांनी फोन वृषालीपुढं धरला. तिनं फोन हातात घेतला.

"दादा, आता आधी तुमच्या वायरी माझ्या डब्यात लावून द्या. नऊ नंबरपासून पुढची भोकं मोकळी ठेवलीत. मग तुमचा डबा आणि पट्टी सोडवा आणि येताना घेऊन या. वाटेवर घसरडं आहे, सांभाळून. वजनदार आहे तो."