सगळ्यात आधी मलाच काढायचे ठरले

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मला शांत बसता येत नाही. पडद्यावरचे चित्र डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा पुन्हा रंगवायचे, हा माझा धंदा. त्यात मला रिकामे बसवले, तर माझे काय होणार?

दादाने नोकरी लागल्यावर मला हौसेने घरी आणले. काय कौतुक होते माझे! मित्र येत, कॉम्प्युटरच्या काचेतून माझे फिरते पंखे बघत. पुढे दादाला नोकरीसाठी लांबच्या शहरात जावे लागले. जाताना त्याने कॉम्प्युटरचे टेबल धाकट्या बहिणीच्या खोलीत हलवले आणि घाईघाईत वायरी जोडल्या. पडद्याची वायर माझ्यात खोचायची, ती खोचली वर मदरबोर्डच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांना जोडणाऱ्या मुख्य पाटीच्या, जागेत. तिथे चित्र काढायची जेमतेम सोय असते. चित्र दिसले, दादा निघून गेला आणि मी हात चोळत बसलो.

धाकटी आणि दादा दर रविवारी इंटरनेटवरून लांबून एकत्र खेळत. आठवडाभरातली त्यांची भेट ती तेवढीच. पण इकडचे चित्र अडखळे, धाकटी मागे राही आणि दादा वाट बघून वैतागे. एका रविवारी तो म्हणाला, "पीसी सुधारला की सांग. तोवर मी ऑफिसातल्या मित्रांबरोबर खेळतो."

धाकटी बरे म्हणाली आणि बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

मग घरात एकच विषय. बाबा म्हणाले, बदलायचा तर एकच भाग बदलू. दुकानदाराच्या मते रॅम वाढवायला हवी होती. आईला वाटे, आधी धूळ पुसा. दादाने फोनवर सांगून टाकले की कार्ड म्हातारे झाले, आधी तेच काढा. सगळे खापर माझ्यावर! माझा नुसता जळफळाट होत होता. अहो, वायर बघा ना! पण मला तोंड कुठे आहे?

शेवटी धाकटीने स्क्रू काढले आणि मला ओढून टेबलावर ठेवले. उद्या दुकानात मला देऊन नवे कार्ड आणायचे होते. शाळेचे काहीतरी बघायचे राहिले, म्हणून तिने सवयीने कॉम्प्युटर चालू केला. चित्र आले. जाता जाता तिने खेळही उघडून पाहिला. तो अगदी पहिल्यासारखाच अडखळत होता.

बाबा म्हणाले, "बघ, याचा काही उपयोगच नव्हता."

धाकटीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पडद्याकडे. "बाबा, कार्ड तर इथे आहे. मग चित्र कुठून येतंय?"

ती टेबलाखाली शिरली. वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत गेली. तिने सगळे बंद केले, मला परत बसवले आणि वायर माझ्यात खोचली. काय सांगू मित्रांनो! कामाने अंग तापले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

रविवारी तिनेच दादाला बोलावले. डोंगर, पूल, पाऊस, सगळे मी झरझर रंगवत होतो आणि धाकटी पुढे पळत होती. दादा चकित. कुठलं कार्ड आणलंस, म्हणून विचारू लागला.

"तुझंच आहे, दादा. वायर चुकीच्या ठिकाणी होती."

तो म्हणाला, "ती मीच लावली होती गं. आणि वर तुलाच बोललो." धाकटी म्हणाली, असू दे, पण पुढच्या रविवारी येशील ना? तो म्हणाला, "दर रविवारी."

मित्रांनो, धूळ पुसत जा, पंख्यांना मोकळी हवा द्या. आणि कोणाला बिनकामाचा ठरवून काढण्याआधी त्याला काम दिले होते का, ते एकदा वाकून बघा. बरे, आता मला थांबवू नका. दादा आला आहे.