या बरं पुन्हा

आमची गोपिका कबड्डीला उभी राहिली की तिचं लक्ष कबड्डी सोडून सगळीकडे. झाडावरचा सरडा, कोणाच्या फ्रॉकचं तुटलेलं बटण, काही म्हणून नजरेतून सुटायचं नाही. तेवढ्यात बाद झाली की माती फेकायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात प्रताप नगरच्या पोरींची कॅप्टन सत्यवती हिने तिला बजावलं, "अजून एकदा माती फेकली तं टीममधून काढून टाकू." त्या दिवशी पोर जेवली नाही. मीही माझं ताट झाकून ठेवलं.

तिच्या बाबांचं गांधीबागेत कापडाचं दुकान. उपाय त्यांनीच काढला.

"गोपिके, गिऱ्हाईक ढीगभर लुगडे उलगडून पाह्यते अन् काही न घेता उठते. तेव्हा मी माती फेकतो काय वं? हात जोडतो, 'या बरं पुन्हा' म्हणतो. तू बी तसंच म्हण."

गिऱ्हाईक पायऱ्या उतरल्यावर हे काय म्हणतात, ते मी पोरीला सांगितलं नाही. घरात तालीम सुरू झाली. मी तिला सापशिडीत हरवायची आणि ती दात-ओठ खात हात जोडायची.

मग हुडकेश्वरच्या पोरींशी सामना झाला. त्या कोणाला हार जात नसत. शेवटची चढाई आली तेव्हा गुण सारखे होते. त्यांची एक उंच पोरगी आली, घुमली, परत गेली. पंच म्हणाले, "कोणाले हात लागला नाही." बरोबरी! आम्ही टाळ्या पिटल्या.

"लागला ना," गोपिका म्हणाली. "मले लागला, कोपराले."

जन्मात पहिल्यांदा पोरीचं खेळात लक्ष होतं, ते नेमकं तेव्हाच! ती त्या उंच पोरीपुढे गेली, हात जोडले. "या बरं पुन्हा."

आम्ही हरलो. हे तरातरा मैदानात शिरले. "पंच नाही म्हणून राहिले, अन् तू काहून बोलून राहिली?" एवढं ओरडून ह्यांनी खाली वाकून मूठभर माती उचलली. कोणावर फेकणार होते, देव जाणे.

गोपिकेने धावत येऊन ती मूठ दोन्ही हातांनी धरली. "बाबा, नका ना! टीममधून काढून टाकतीन तुमाले!"

सगळं मैदान हसलं. ह्यांनी माती सोडली आणि तसेच मळके हात पंचांपुढे जोडले. "या बरं पुन्हा," ह्यांच्या तोंडून कसंबसं निघालं. मला पोरीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

"उद्या लवकर येजो वं, गोपिके," सत्यवती म्हणाली.

गोपिकेला ते ऐकू गेलं नाही. तिला सरडा दिसला होता. म्हणून "येते" असं मीच सांगून टाकलं.