सत्तर किलोंचे मास्तर

मास्तरांना पन्नास पूर्ण व्हायला तीन महिने उरले होते आणि अंगावर चार किलो जास्त होते. शरीरसौष्ठव स्पर्धेत चाळीस ते पन्नास हा शेवटचा वयोगट. पुढे माणसाने खुर्चीत बसून टाळ्या वाजवाव्यात, असं संघटनेचं मत होतं. त्यातून मास्तरांची हाडं बारीक. सत्तर किलोंच्या आत उतरले तरच पदकाची काही आशा, नाहीतर ऐंशी किलोंच्या गटात जाऊन धिप्पाड मंडळींच्या मधे उभं राहायचं. सत्तरच्या गटात गेल्या वर्षी तिसरा आलेला माणूस त्यांनी नजरेनेच मापून ठेवला होता. "त्याला मी आरामात मागे टाकतो," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत, मग ऐकायला कुणी असो वा नसो.

मास्तर म्हणजे शिंपी. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. कापड कापायचं काम बायकोचं, शिवायचं यांचं. व्यायामशाळेत त्यांना शिकवणारे सर जेमतेम सव्वीस वर्षांचे होते आणि त्यांची शाळेची हाफपँट मास्तरांनी दोनदा उसवून वाढवून दिली होती. तरी मास्तर त्यांना अदबीने 'सर' म्हणत. बायको मात्र 'अरे' म्हणे.

सरांनी दहा आठवड्यांचा आहाराचा तक्ता करून दिला आणि समजावलंही. शरीराच्या दर किलोमागे दोन ग्रॅम प्रथिनं, कारण खाणं कमी झालं की शरीर आधी स्नायूंवर डोळा ठेवतं. भात मुख्यतः व्यायामाच्या आगेमागे. तेल चमच्याने, बाटलीने नाही. पाणी भरपूर, झोप पूर्ण. आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरायचं, घाई केली तर चरबीबरोबर कमावलेलंही जातं. "आणि मास्तर, अमुक खाल्लं की चरबी वितळते असं कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा," सर म्हणाले. मास्तरांनी तक्ता शिलाई मशिनीच्या वर, देवाच्या तसबिरीइतक्याच मानाने लावला.

पहिले तीन आठवडे सगळं शिस्तीत चाललं. मास्तर स्वतः छोट्या काट्यावर कोंबडी तोलत, तांदूळ तोलत, आणि स्वयंपाकघरात इतकी लुडबूड करत की बायकोने दोनदा त्यांना लाटणं दाखवलं. चौऱ्याहत्तरचे ते सव्वाबहात्तर झाले. मग शाळांच्या गणवेशांची कामं येऊन पडली. मास्तरांना मान वर करायला फुरसत राहिली नाही. "द्या तो काटा इकडे," बायको म्हणाली. "आयुष्यभर मापावरच काम केलंय मी."

तेव्हापासून वजनाचा काटा जणू रुसला. पाच आठवड्यांत जेमतेम पाऊण किलो उतरलं. मास्तरांनी आधी व्यायामशाळेच्या वजनकाट्यावर संशय घेतला, मग किराणा दुकानाच्या, मग हवेवर. शेवटी सरांनीच त्यांना बाजूला घेतलं.

"मास्तर, खरं सांगा. चोरून खाताय का?"

मास्तरांना हे फार लागलं. पन्नाशीला आलेल्या माणसाने, ज्याच्या हाफपँटची उंची आपण वाढवली त्याच्याकडून हे ऐकायचं? "घरी या," ते म्हणाले. "डोळ्यांनी बघा. मग बोला."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर ओट्यापाशी उभे राहिले. तक्त्यात कच्ची कोंबडी दोनशे ग्रॅम होती. बायकोने काट्यावर दोनशे साठ ठेवली.

"काकू, दोनशे लिहिलंय," सर म्हणाले.

"अरे, शिजल्यावर आटते ती. मी तोलून बघितलंय. कापड धुतल्यावर आटतं ते धरूनच कापतो ना आम्ही? तसंच हे."

"मी कच्चंच वजन लिहिलंय. आटणं त्यात धरलेलं आहे. आणि तांदूळ ऐंशीऐवजी शंभर का? तो तर फुगतो."

"पातेल्याला चिकटतो त्याचं काय?"

"तेल?"

"चमच्याला राहतं थोडं. म्हणून अर्धा चमचा वर. अंडं सोलताना पांढरं सालीबरोबर जातं, म्हणून एक अंडं जादा." बायकोने हे असं सांगितलं की जणू सरांनाच शिकवणीची गरज होती. "नेमकं मापाचं कापलं तर शिवणार कशात? थोडं जादा धरावंच लागतं. उद्या तुझी पँट उसवायची वेळ आली तर काय करशील?"

सर भिंतीला टेकले. कागद काढून त्यांनी हिशेब केला. रोजचं जादा खाणं व्यायामात जाळलेलं जवळजवळ सगळं भरून काढत होतं. मास्तर अजिबात चोरून खात नव्हते, उजळ माथ्याने खात होते. "आता दोन आठवडे उरलेत," सर म्हणाले. "फार तर एक किलो उतरेल. पाणी तोडणं, घाम काढणं, असले उद्योग करायचे नाहीत. त्या वाटेने गेलात तर स्टेजऐवजी दवाखान्यात जाल."

सर गेले. मास्तर चिडायच्या तयारीत होते. पण बायको काट्यावरची कोंबडी एकेक तुकडा करून परत ताटलीत काढत होती, आणि तिच्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला.

"अगं, सरांनी सांगितलं होतं ना कच्चं वजन म्हणून."

"सांगितलं असेल," ती म्हणाली. "तुम्हाला कावीळ झाली होती तेव्हा मी तुमच्या सगळ्या पँटी कमरेत आत घेतल्या. महिन्यात तीनदा. तिसऱ्या वेळेला वाटलं, आता आत घ्यायला काही उरणार नाही. हल्ली पट्ट्याला नवीन भोक पाडलंत की मला तेच आठवतं. भीती वाटते हो."

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मास्तर ती विसरूनही गेले होते. तेव्हा ते अंथरुणावर होते. पँटी आत घेतल्या जात होत्या हे त्यांना माहीतच नव्हतं.

पुढचे दोन आठवडे तिने काट्याबरहुकूम वाढलं, एक दाणा इकडे की तिकडे नाही. वाढताना मात्र ती ताटाकडे बघत नसे.

स्पर्धेच्या सकाळी काट्याने सत्तर किलो सहाशे ग्रॅम दाखवले. टेबलामागचा पंच सवयीने म्हणाला, "एक तास आहे. उतरवून या, नाहीतर वरच्या गटात नाव घालतो." हॉलबाहेर दोन-तीन जण अंगाला प्लास्टिक गुंडाळून जिना चढत-उतरत होते. एकाचे ओठ पांढरे पडले होते. सर भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. करू नका हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि वयामुळे मास्तरांची ही शेवटची संधी आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

मास्तरांनी जिन्याकडे पाहिलं. सहाशे ग्रॅम, दहा आठवड्यांची मेहनत, आणि मागे टाकायचा तो माणूस, जो आत आरशासमोर दंड फुगवत होता. तेवढ्यात बायकोने पिशवीतून त्यांचे पळायचे बूट काढले आणि पुढे धरले.

"तुम्हाला जायचं असेल तर जा," ती म्हणाली. "माझ्यामुळेच झालंय हे."

मास्तरांनी बूट घेतले. एका पायात घातलाही. मग नाडी न बांधताच ते पंचाकडे वळले.

"वरच्या गटात लिहा."

ऐंशीच्या गटात नऊ जण होते. आठ डोंगर आणि कडेला मास्तर. पंचांनी पाठ दाखवा म्हटलं की आठ पाठींनी दिवे झाकले जात, आणि मास्तर कुठे गेले ते बघायला लोक माना वाकड्या करत. पण दोनशे प्रेक्षकांसमोर त्यांनी प्रत्येक पोझ शेवटपर्यंत धरली, तीही हसऱ्या चेहऱ्याने. निकाल लागला. नऊपैकी नववे.

खाली आले तेव्हा बायको पाण्याची बाटली घेऊन उभी होती. ते सगळी बाटली प्यायले, मग तोंड पुसत म्हणाले, "कसा दिसत होतो?"

"सगळ्यांत बारीक," ती म्हणाली. "आणि मला जरासुद्धा भीती वाटली नाही."