नऊ नंबरच्या व्हॉल्व्हपर्यंत

टायर उचकटायचे तीन लिव्हर त्याने जुन्या टॉवेलवर ओळीने मांडले. त्यांच्या शेजारी दोन नव्या ट्यूब, ठिगळांची डबी, हवा भरायचा वीतभर पंप, ॲलन चाव्यांचा जुडगा, चेन तोडायचं हत्यार, चेनच्या चार जोडकड्या, ब्रेक पॅडचा जोड, पंधराचा पाना. शेवटी मागचे गिअर ज्याला टांगलेले असतात तो ॲल्युमिनियमचा कान. सायकल आडवी पडली की हा कान वाकतो आणि तो वाकला की गाडी जागची हलत नाही. ऑफिसच्या यादीत एकच कान होता, याने पदरमोड करून दोन आणले होते.

सायकल दारात उभी होती. नवीकोरी, डोंगरात चालणारी, जाड टायरची, बॅटरीवरची, सव्वीस किलोची. तिला लागेल ते सगळं या माणसाकडे होतं. फक्त ती चालवता येत नव्हती.

तो पाण्याच्या लाइनवर व्हॉल्व्हमन होता. वरच्या टाकीपासून खालच्या वस्तीपर्यंत डोंगराच्या कडेने जाणारा नळ सव्वीस वर्षं त्याने पायी तपासला होता. कुठे गळतंय, कुठे हवा अडकली आहे, हे त्याला नळाला कान लावून कळायचं. मग दोन महिन्यांपूर्वी ऑफिसने ठरवलं, की दोन माणसांची लाइन आता एकाने बघायची, इलेक्ट्रिक सायकलवरून. ज्याला जमणार नाही त्याने खालच्या पंपहाऊसवर जायचं, क्वार्टर तिथल्या कॉलनीत. सायकल सगळ्यांना येतेच ना, असं साहेबांनी विचारलं तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले. त्याचाही गेला. लहानपणी घरात सायकल नव्हती. पुढे शिकायचं वय निघून गेलं आणि कबूल करायचं वय काही आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्याने ती झाकलेलीच ठेवली होती.

शिकायचा प्रयत्न त्याने केला नाही असं नाही. टाकीच्या मागे तीनदा बसून पाहिलं. पेडलवर पाय पडायचा अवकाश, मोटर अशी झेप घ्यायची की तो एकीकडे आणि सायकल दुसरीकडे. तिसऱ्या वेळी मनगट सुजलं. घरी सांगितलं, पाना सटकला.

मग त्याला एक बटण सापडलं. ते दाबून धरलं की सायकल माणसाबरोबर त्याच्याच चालीने चालायची, चढावर ढकलायचे कष्ट वाचावेत म्हणून केलेली सोय. त्या बटणावर त्याने दोन महिने काढले होते. पहाटे चारला निघायचं, सायकल हाताशी धरून दुप्पट लाइन चालायची, संध्याकाळी पायांचे तुकडे पडेपर्यंत चालून परतायचं. एक दिवस खाडा नाही, एक गळती नजरेतून सुटली नाही. आणि आज नव्या इंजिनिअर मॅडम तपासणीला येणार होत्या. बाकीच्यांची तपासणी आधीच झाली होती; आज दहा वाजता त्याने ऑफिसात यायचं आणि मॅडमबरोबर नऊ नंबरच्या व्हॉल्व्हपर्यंत सायकलने जायचं, असा निरोप होता.

बायको दारच्या नळाकडून आली, भिंतीला हात न लावता. तिची नजर तीन वर्षांपासून जात चालली होती. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. पण या दोन खोल्यांत ती कुठे म्हणून अडखळत नसे. ओट्यापासून नळ सात पावलं, नळापासून कपड्यांची दोरी अकरा, सगळं तिच्या पायांना पाठ होतं. कॉलनीतलं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे हिला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवावं लागेल, हे त्याला दिसत होतं.

"अहो, एक विचारू? ती सायकल तुम्ही रोज हाताने धरूनच आणता ना?"

"चढ असतो."

"आपल्या दारात कुठला आलाय चढ? चाकाबरोबर तुमची पावलं ऐकू येतात मला. दोन महिने ऐकतेय."

तो लिव्हर पिशवीत भरायला लागला.

"झाली बदली तर होऊ दे," ती म्हणाली. "जिन्याच्या पायऱ्या काय, त्याही मोजता येतात."

त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो स्वच्छ असलेला पंप पुन्हा पुसत बसला. तिने धीर दिला नसता तर बरं झालं असतं. ती चिडली असती तर त्याला निदान खोटं बोलता आलं असतं.

सात वाजता त्याने ऑफिसात फोन करून सांगितलं, की नऊ नंबर गळतोय असं वाटतंय, मी पुढे होतो, मॅडमना तिकडेच पाठवा. आणि सायकल हाताशी धरून तो निघाला. वर पोचल्यावर सायकल नळाला टेकवून ठेवली, कपाळावर थोडं पाणी मारलं आणि आत्ताच उतरलोय असं दिसेल अशा बेताने उभा राहिला. परत जाताना मात्र मॅडमबरोबर सायकलवर बसावं लागणार होतं. पोटदुखी, चक्कर, फुटलेला नळ, सगळं मनात घोळवून झालं होतं.

साडेदहाला मॅडम आल्या त्या चालत, सायकल ढकलत. तिशीच्या असतील. कपाळ घामाने निथळत होतं आणि सायकलची तुटलेली चेन हातात लोंबत होती.

त्याला देव पावल्यासारखं झालं. त्याने टॉवेल पसरला, पिशवी उघडली. मोडकी कडी हत्याराने काढली, चेन गिअरमधून ओवली, जोडकडी बसवली आणि ब्रेक दाबून पेडलवर जोर देताच ती टक्‌ करून बसली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मॅडम उकिडव्या बसून बघत होत्या. एवढं साहित्य बाकी कोणाकडे नव्हतं, म्हणाल्या. एकाकडे तर पंपही नव्हता. सव्वीस वर्षांत वरिष्ठांनी त्याचं असं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि क्षणभर तो मूळ संकटच विसरला.

मग मॅडमनी फॉर्म काढला. एकूण किलोमीटर लिहायचे होते. त्या त्याच्या सायकलकडे गेल्या, हँडलवरचा छोटा पडदा चालू केला आणि आकडा उतरवून घेतला. बटण पुन्हा दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. नट न् नट ओळखणाऱ्या या माणसाला एवढंच माहीत नव्हतं, की तो पडदा वेगही लक्षात ठेवतो.

"सरासरी वेग ताशी चार किलोमीटर," मॅडम म्हणाल्या. "जास्तीत जास्त सहा."

पितळ उघडं पडलं होतं. मग तो एकदम बोलायला लागला. लाइन एक दिवस चुकलेली नाही, म्हणाला. हवं तर पहाटे तीनला निघेन. बायकोला दिसत नाही हेही सांगितलं. ते सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

"मॅडम, ती त्या घरात आंधळी नाही हो. तिथे गेली की होईल."

फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'सायकल चालवता येते: होय / नाही'. मॅडमनी पेन त्याच्यावर नेलं. मग त्यांनी टोपण लावलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"हे शुक्रवारी द्यायचंय मला. आज सोमवार. 'होय' खोटं नाही लिहिणार मी."

"हो, मॅडम."

"पंधराचा पाना आहे ना तुमच्याकडे? पेडल काढा. दोन्ही."

सायकल जप्त होते आहे असंच त्याला वाटलं. त्याने पाना लावला. उजवं नेहमीसारखं सुटलं. डाव्याचे आटे उलटे असतात, तेही त्याला ठाऊक होतं. तोवर मॅडमनी त्याच्याच जुडग्यातली पाच नंबरची चावी घेऊन सीट पार खाली दाबली आणि आवळून टाकली. मोटरचं बटण बंद केलं.

"बसा."

तो बसला. दोन्ही बूट जमिनीला पुरते टेकले.

मॅडम वाट उतरून वीसेक पावलांवर गेल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पायांनी ढकलत यायचं, आधी नुसता तोल शिकायचा. ब्रेक दोन बोटांनी. खाली नाही, माझ्याकडे बघा. आणि मला पाडू नका, ही नोकरी मलाही हवी आहे."

उतार फार नव्हता. त्याने एक पाय उचलला, आणि मग दुसरा.